चिप मेली म्हणण्याआधी: एसडब्ल्यूडीवरून एसटीएम३२ शुद्धीवर आणणं आणि बिघाड शोधणं

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागातल्या बेंचवर ठिबकचे कंट्रोलर, पंप स्टार्टरची कार्डं, पॅनेलमधली मीटरिंगची कार्डं दुरुस्तीला येतात. त्यावरचा एसटीएम३२ (एसटी कंपनीचा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे कार्डाचा मेंदू) एसडब्ल्यूडीवरून, म्हणजे दोन वायरींच्या डीबग जोडणीवरून, लॅपटॉपला दिसला नाही की दोन चुका हमखास होतात. एकतर 'चिप गेली' म्हणून हॉट एअर गन हातात घेतली जाते, नाहीतर कशीबशी जोडणी मिळताच 'फुल चिप इरेज' दाबलं जातं. पहिल्या चुकीत चांगली चिप कचऱ्यात जाते. दुसरीत बिघाडाचा पुरावा पुसला जातो आणि कधी त्याबरोबर ग्राहकाचं कॅलिब्रेशनही.

म्हणून इथला सगळा क्रम एका गोष्टीवर बेतला आहे: आधी पंचनामा, मग प्रत, शेवटी पुसणं. उदाहरणं मुख्यतः एसटीएम३२एफ१०३ची आहेत, कारण दुरुस्तीला तीच जास्त येते. मालिका वेगळी असली तर पत्ते आणि पिना तिच्या डेटाशीटमधून घ्या. मेमरीचे सगळे पत्ते आणि रजिस्टरमधले आकडे इथे हेक्समध्ये (० ते ९ आणि ए ते एफ) दिले आहेत.

## तयारी: टेबलावर काय हवं

एसटी-लिंक, म्हणजे लॅपटॉप आणि चिप यांच्यातला प्रोग्रामर-डीबगर (अस्सल किंवा नक्कल), मल्टिमीटर, करंट लिमिट असलेला बेंच सप्लाय, एक वीतभर किंवा त्याहून आखूड जंपर वायरी, बारीक एनॅमल वायर, एक भिंग. लॅपटॉपवर क्यूबप्रोग्रामर (चिपची मेमरी वाचण्या-लिहिण्याचं एसटीचं सॉफ्टवेअर). क्यूबआयडीई (कोड लिहून डीबग करण्याचं सॉफ्टवेअर) नंतर लागेल, आत्ता बंद ठेवा. दोन सॉफ्टवेअरनी एकाच वेळी एसटी-लिंक धरला की दुसऱ्याला तो सापडतच नाही, आणि माणूस बोर्डाला दोष देत बसतो.

डिसेंबर-जानेवारीत नाशिकची हवा कोरडी असते आणि अंगात स्वेटर असतो. अर्थिंगचा मनगटपट्टा तेव्हा तरी बांधाच.

आणखी एक तयारी कागदावरची. बोर्डाचा फोटो घ्या आणि चिपवरचं पूर्ण नाव भिंगातून वाचून लिहून ठेवा. 'सी८' आणि 'सीबी' यांत फ्लॅशचा (प्रोग्राम साठवणाऱ्या मेमरीचा) फरक आहे. 'एफ१०३' आणि 'एफ४०१' यांत तर पुढची निम्मी प्रक्रियाच बदलते.

## १. बोर्ड मेन्सपासून तोडा

ही पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते, आणि माणसाच्या जिवावर बेतू शकते ती हीच.

स्वस्त पंप कंट्रोलरमध्ये आणि सिंगल फेज प्रिव्हेंटरमध्ये बऱ्याचदा ट्रान्सफॉर्मर नसतो. एक चौकोनी फिल्म कपॅसिटर मेन्समधून थेट करंट घेतो, पुढे डायोड आणि झेनर. अशा बोर्डाची 'ग्राउंड' ही ग्राउंड नसतेच, ती फेजला किंवा न्यूट्रलला चिकटलेली असते. तिला एसटी-लिंकची ग्राउंड लावली की २३० व्होल्ट यूएसबीच्या वाटेने लॅपटॉपमध्ये आणि तुमच्या हातात. 'लॅपटॉप बॅटरीवर आहे, मग काय होतंय' हे उत्तर चुकीचं आहे. त्याने शॉक टळत नाही.

क्रम असा ठेवा:

मेन्सच्या वायरी टर्मिनलमधून काढून बाजूला करा. नुसता स्विच बंद करणं पुरत नाही. मोठ्या कपॅसिटरवरचं व्होल्टेज मोजा आणि उरलेलं असेल तर रेझिस्टरमधून उतरवा. मग बोर्डाची ग्राउंड आणि मेन्सची दोन्ही टर्मिनलं यांच्यात आधी ओहमवर आणि नंतर डायोड मोडवर मोजा. दोन्ही दिशांनी पूर्ण तुटलेलं दिसलं आणि ट्रान्सफॉर्मर डोळ्यांना दिसत असला तरच बोर्ड आयसोलेटेड माना. शंका असेल तिथे नाही असंच माना.

यापुढचं सगळं काम बेंच सप्लायवर. रेग्युलेटरच्या इनपुटला ५ व्होल्ट द्या, करंट लिमिट १५० मिलिअँपिअरच्या आसपास.

सावधान: 'बिघाड मोटर चालू असतानाच येतो' म्हणून आयसोलेटेड नसलेल्या बोर्डाला मेन्सवर असताना एसटी-लिंक लावायचा मोह होतो. यूएसबी आयसोलेटर आणि मेन्सवर काम करण्याचा सराव, दोन्ही नसतील तर तो विचार सोडा.

## २. वीज मोजा, मग बोला

चिप बोलत नाही यामागे बऱ्याचदा तिला धड वीजच मिळत नाही एवढंच असतं. एफ१०३ला २ ते ३.६ व्होल्ट चालतात. ३.३ व्होल्टच्या रेलवर ३.२ ते ३.४ दिसायला हवेत, आणि मोजायचं ते रेग्युलेटरवर नाही, चिपच्या पायावर. एलक्यूएफपी४८ (४८ पायांच्या) पॅकेजमध्ये व्हीडीडीचे (मुख्य वीजपुरवठ्याचे) पाय २४, ३६ आणि ४८, तर व्हीडीडीएचा (ॲनालॉग भागाच्या विजेचा) ९. चारही मोजा. व्हीडीडीएकडे जाणारा फेराइट बीड तुटलेला असला तरी मुख्य रेल ठणठणीत दिसते, आणि चिप मात्र गप्प राहते.

रिसेटचा पाय ७ नंबरचा. तो मोकळा असताना ३.३ व्होल्टला असला पाहिजे. शून्याजवळ असेल तर बटण दाबलेल्या अवस्थेत अडकलंय, कपॅसिटर शॉर्ट आहे, नाहीतर बाहेरची वॉचडॉग आयसी (प्रोग्राम अडकला की चिप रिसेट करणारा पहारेकरी) रिसेट खाली ओढतेय. मल्टिमीटरचा काटा किंवा आकडा ठरावीक अंतराने हलत असेल तर वॉचडॉग चिपला सारखी रिसेट करतोय.

एफ४ मालिकेत व्हीकॅपच्या (आतल्या रेग्युलेटरच्या कपॅसिटरच्या) पायावर साधारण १.२ व्होल्ट हवेत. तिथला कपॅसिटर गळाला असेल तर पुढचं काहीच चालणार नाही.

तपासा: वीज देताच सप्लाय करंट लिमिटला गेला आणि चिप बोटाला चटका देऊ लागली, तर इथेच थांबा. शेवटची पायरी वाचा.

## ३. वायरी: कमीत कमी तीन, खरं तर चार

डीआयओ (डेटाची वायर), क्लॉक, ग्राउंड, आणि चौथी रिसेट. बहुतेक जण रिसेट लावत नाहीत, कारण एरवी तिच्यावाचून चालतं. पण बेशुद्ध चिपसाठी तीच वायर लागते.

एफ१०३वर डीआयओ म्हणजे पीए१३ (४८ पायांत ३४वा) आणि क्लॉक म्हणजे पीए१४ (३७वा). हेडर नसेल तर एनॅमल वायर थेट पायाला किंवा जवळच्या व्हायाला टाका. अस्सल एसटी-लिंकच्या २० पिनी कनेक्टरवर डीआयओ ७, क्लॉक ९, रिसेट १५, आणि १ नंबर हा बोर्डाचं व्होल्टेज *मोजण्याचा* पाय आहे. तो वीज देत नाही. त्यातून बोर्ड चालेल या आशेवर बसू नका, आणि तो मोकळाही सोडू नका.

पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या नकलांची तऱ्हा उलटी. त्यांचा ३.३ व्होल्टचा पाय वीज देतो. बेंच सप्लाय लावलेला असेल तर तो पाय जोडायचा नाही, दोन सप्लाय एकमेकांशी भांडतात. या नकलांवरचा पिनांचा क्रम एका खेपेत एक तर दुसऱ्या खेपेत वेगळा असतो, तेव्हा डब्यावरची छपाई वाचा, इंटरनेटवरचं चित्र नको. त्यांतल्या अनेकांचा 'आरएसटी' पाय एसटीएम८साठी असतो आणि एसटीएम३२च्या रिसेटला काहीच करत नाही. तसं असेल तर रिसेट हाताने द्यावा लागेल. त्याची पद्धत पाचव्या पायरीत आहे.

आधी ग्राउंड जोडा, मग बाकीच्या. काढताना ग्राउंड शेवटी.

तपासा: क्यूबप्रोग्रामर जोडणीच्या वेळी 'टार्गेट व्होल्टेज' दाखवतो. अस्सल एसटी-लिंकवर हा आकडा खरा पुरावा आहे. बहुतेक स्वस्त नकला मात्र स्वतःचेच ३.३ व्होल्ट दाखवतात, समोर बोर्ड नसला तरीही.

## ४. पंचनामा: हॉट प्लगने आधी नुसतं बघा

बोर्ड जागीच अडकतोय, मधूनच बंद पडतोय, अशा तक्रारीत चिप बहुधा जिवंत असते. बिघाडाचं कारणही तिच्या आतच पडलेलं असतं, पण पुढच्या रिसेटपर्यंतच. म्हणून क्यूबप्रोग्रामरमध्ये मोड 'हॉट प्लग', वेग ४८० किलोहर्ट्झ किंवा कमी, आणि मग कनेक्ट. या मोडमध्ये रिसेट दिला जात नाही.

सावधान: चिपला रीड प्रोटेक्शन (फ्लॅश बाहेरून वाचू न देणारं कुलूप) लावलेलं असेल तर डीबगर जोडताच ती आपला फ्लॅश बंद करते आणि चालू प्रोग्राम कोसळतो. पुढे एसटी-लिंक काढला तरी साध्या रिसेटने ती उठत नाही, वीज पूर्ण काढून पुन्हा द्यावी लागते. हे माहीत नसल्याने 'डीबगर लावला आणि चिप उडाली' असं सांगत माणसं फिरतात.

जोडणी झाली तर पुढच्या गोष्टी वहीत उतरवा. कॉपी-पेस्टवर विसंबू नका, खिडकी ताजी झाली की आकडे जातात.

रिसेट कशामुळे झाला. एफ१वर पत्ता ४००२१०२४. किंमत ०सीने सुरू होत असेल तर साधी वीज आल्यानंतरची सुरुवात. २४ने सुरू होत असेल तर वॉचडॉगने पाडलं. १४ असेल तर प्रोग्रामने स्वतःच सॉफ्टवेअर रिसेट घेतला. प्रोग्रामने हे झेंडे पुसले नसतील तर ते साचत जातात, म्हणजे २सी दिसलं तर आधी वीज आली आणि नंतर वॉचडॉग लागला असं वाचायचं.

चिप कुठे उभी आहे. कोअर हॉल्ट करा आणि पीसी (चालू ओळीचा पत्ता), एलआर (परतीचा पत्ता), एसपी (स्टॅकचा पत्ता) लिहून घ्या. पाच-सहा वेळा हॉल्ट-रन करून पीसी तिथेच घुटमळत असेल तर ती एखाद्या न संपणाऱ्या लूपमध्ये आहे. आय२सीच्या सेन्सरने उत्तर दिलं नाही आणि कोडमध्ये टाइमआउट नाही, हा त्यातला नेहमीचा गुन्हेगार.

हार्ड फॉल्ट (कोअरला पुढे जाताच येत नाही अशी चूक) आहे का. कॉर्टेक्स-एम३ आणि एम४वर ई०००ईडी२सी (हार्ड फॉल्टचं रजिस्टर) आणि ई०००ईडी२८ (कारणाचं रजिस्टर) वाचा. पहिल्यात ४००००००० दिसलं, तर दुसऱ्या फॉल्टचं रूपांतर हार्ड फॉल्टमध्ये झालंय आणि खरं कारण कारणाच्या रजिस्टरमध्ये आहे. तिथे ८२०० असेल तर नको त्या पत्त्याला हात लावला गेलाय, आणि तो पत्ता ई०००ईडी३८ला लिहिलेला सापडेल. ४०० असेल तर चूक आधीच होऊन गेली, पीसी तुम्हाला नेमकी ओळ दाखवणार नाही. २०००० असेल तर बहुधा रिकाम्या किंवा बिघडलेल्या फंक्शन पॉइंटरवर उडी मारली गेली. कॉर्टेक्स-एम०वर हे कारणाचं रजिस्टरच नसतं, तिथे फक्त स्टॅक वाचायचा.

स्टॅक वाचणं. फॉल्टमध्ये उभं असताना एलआर एफएफएफएफएफएफने सुरू होतो. त्याचा शेवटचा आकडा ९ असेल तर मुख्य स्टॅक पॉइंटर घ्या, डी असेल तर प्रोसेस स्टॅक पॉइंटर (आरटीओएस, म्हणजे अनेक कामं वाटून चालवणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम, असलेल्या कोडमध्ये हाच निघतो). त्या पत्त्यापासून क्रमाने आर०, आर१, आर२, आर३, आर१२, एलआर, पीसी, एक्सपीएसआर. म्हणजे फॉल्ट झाला तेव्हाचा पीसी हेक्स १८ इतक्या अंतरावर. फॉल्ट हँडलरने स्वतः काही स्टॅकवर ढकललं असेल तर मुख्य स्टॅकवरचं हे सगळं चार-आठ बाइटने पुढे सरकतं. त्यामुळे आकडा आंधळेपणाने घेऊ नका, ०८००ने सुरू होणारे दोन शेजारी शब्द (चार-चार बाइटचे गट) शोधा: आधीचा एलआर, नंतरचा पीसी. तुमच्याकडे त्याच बिल्डची ईएलएफ फाइल (कंपायलरने बनवलेली, पत्ते आणि ओळी जोडणारी) असेल तर त्या पत्त्यावरून थेट सोर्समधली ओळ निघते. 'त्याच' या शब्दावर जोर आहे. आज नव्याने कंपाइल केलेली फाइल चालत नाही, पत्ते हललेले असतात.

क्यूबआयडीईत फॉल्ट ॲनालायझर नावाची खिडकी हेच काम करून देते. पण ग्राहकाच्या दारात, सोर्स हाताशी नसताना, वहीतले हे आठ-दहा आकडेच उपयोगी पडतात.

बॅकअप: प्रोटेक्शन नसेल तर याच बैठकीत रॅमचीही प्रत घ्या. २००००००० पासून, एफ१०३सी८ला २० केबी. रिसेट झाला की स्टार्टअप कोड व्हेरिएबल्स पुन्हा भरतो आणि हा पुरावा परत मिळत नाही.

हॉट प्लगने जोडणीच होत नसेल तर पंचनाम्याची संधी नव्हतीच. पुढे चला.

## ५. अंडर रिसेट: बेशुद्ध चिपला पकडणं

चिप का दिसत नाही? बहुतेक वेळा कोडनेच दार लावून घेतलेलं असतं. क्यूबएमएक्समध्ये (पिना ठरवून सुरुवातीचा कोड तयार करणारं सॉफ्टवेअर) डीबगची सेटिंग 'नो डीबग' राहिली तर एफ१वर सुरुवातीलाच एसडब्ल्यूडी बंद करणारी ओळ तयार होते. कुणी पीए१३वर एलईडी लावतं. कुणी चिपला सुरू होताच स्टॉप मोडमध्ये झोपवतं. तिन्ही प्रकारांत दार बंद होतं ते रिसेट सुटल्यानंतर काही क्षणांनी, प्रोग्राम त्या ओळीपर्यंत पोचल्यावर. रिसेट दाबलेला असताना दार उघडंच असतं.

'कनेक्ट अंडर रिसेट' हेच वापरतं. रिसेट खाली धरून डीबगर आत शिरतो, 'रिसेटनंतर पहिल्याच पावलाला थांब' असा व्हेक्टर कॅच लावतो, मग रिसेट सोडतो. कोअर एकही ओळ न चालवता उभा राहतो.

रिसेटची वायर लावलेली असेल तर मोड निवडा, वेग १०० किलोहर्ट्झच्या आसपास आणा, कनेक्ट दाबा. बस्स.

वायर नसेल किंवा नक्कल रिसेट देत नसेल तर हाताने: रिसेट बटण दाबून धरा (किंवा पाय ७ ग्राउंडला टेकवा), कनेक्ट दाबा, आणि लगेच सोडा. मोड 'नॉर्मल' ठेवा. जमेपर्यंत करत राहायचं. इथे घाई नाही, लय लागते.

नेहमीची अडचण: रिसेटवर कुणी १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून ठेवलेला असतो. एरवी १०० नॅनोफॅरड असतो. मोठ्या कपॅसिटरमुळे रिसेट हळू चढतो, डीबगरची वेळ चुकते. तो तात्पुरता काढा.

तपासा: जोडणी झाल्यावर लॉगमध्ये चिपचा डीबग ओळखक्रमांक बघा. अस्सल एफ१०३ १बीए०१४७७ सांगते. २बीए०१४७७ आलं आणि बोर्डावर एफ१०३ छापलेलं असेल तर ती बहुधा नकली चिप. चालेल ती, पण क्यूबआयडीई तिला एसटीची चिप मानत नाही आणि डीबग नाकारते. तिथे ओपनओसीडी या मोफत डीबग सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये अपेक्षित क्रमांक बदलून काम होतं. तास-दोन तास ड्रायव्हरशी झटापट करण्याआधी हा एक आकडा बघा.

## ६. तरीही नाही? बूट० वर ओढा

बूट० (४८ पायांत ४४वा) ३.३ व्होल्टला, बूट१ म्हणजे पीबी२ ग्राउंडला, मग वीज काढून पुन्हा द्या. चिप आता तुमच्या प्रोग्रामऐवजी कारखान्यातून आलेला बूटलोडर (फर्मवेअर भरून घेणारा छोटा प्रोग्राम) चालवते. बिघडलेला कोड चालतच नाही, म्हणून एसडब्ल्यूडी मोकळं असतं, 'नॉर्मल' मोडनेही जोडणी होते.

बूट० बोर्डावर थेट ग्राउंडला जोडलेला असेल तर त्याला ३.३ व्होल्ट देऊ नका, शॉर्ट होईल. आधी ट्रेस बघा. मधे रेझिस्टर असेल तर हरकत नाही.

एसडब्ल्यूडीच्या ट्रेसच जळाल्या असतील तर हाच बूटलोडर सिरियलवर बोलतो: पीए९ आणि पीए१०. त्याला इव्हन पॅरिटी लागते. साध्या टर्मिनलच्या नेहमीच्या सेटिंगने तो उत्तर देत नाही यात नवल नाही. जी० मालिकेत बूट० आणि क्लॉक एकाच पायावर, पीए१४वर, असतात. तिथे ही युक्ती डेटाशीट वाचल्याशिवाय करू नका.

## ७. पुसण्याआधीची प्रत, आणि कुलपाची पातळी

आत शिरलात. आता हात आवरा.

ऑप्शन बाइट्सची (चिपच्या कायमच्या सेटिंगची) खिडकी उघडा आणि रीड प्रोटेक्शन बघा. *बघा, बदलू नका.*

पातळी ० म्हणजे सगळं उघडं. प्रत घ्या.

पातळी १ म्हणजे वाचता येत नाही. ० वर आणता येते, पण तसं करताच चिप स्वतः पूर्ण फ्लॅश पुसते. तुमच्याकडे मूळ फर्मवेअरची फाइल नसेल तर हे बटण दाबणं म्हणजे बोर्डाचा शेवट. आधी ग्राहकाकडून किंवा उत्पादकाकडून फाइल मिळवा, मगच दाबा. दुसऱ्याच्या उत्पादनाचं कुलूप फोडून कॉपी काढण्याच्या वाटा या लेखात नाहीत.

पातळी २ एफ१मध्ये नाही, एफ४ आणि एल४मध्ये आहे. एकदा लागली की एसडब्ल्यूडी कायमचं बंद. परतीचा रस्ता नाही.

सावधान: या पातळ्यांचे आकडे मालिकेप्रमाणे बदलतात. एफ१मध्ये ए५ म्हणजे उघडं. एफ४मध्ये उघडं म्हणजे एए, कायमचं बंद म्हणजे सीसी, आणि बाकी कुठलाही आकडा पातळी १. म्हणजे एफ१ची सवय घेऊन एफ४वर ए५ लिहिलंत तर कुलूप लागतं. हाताने आकडे टाकू नका, यादीतून पातळी निवडा.

प्रत घेताना पत्ता ०८००००००, आणि आकार चिपचा पूर्ण. ६४ केबी म्हणजे हेक्स १००००. प्रोग्राम ३० केबीचाच आहे म्हणून तेवढाच वाचणं ही महागात पडणारी काटकसर आहे. अनेक बोर्डांत कॅलिब्रेशन, सिरियल नंबर, मोटरच्या ओव्हरलोडची सेटिंग फ्लॅशच्या शेवटच्या पानांत (एकावेळी पुसता येणाऱ्या तुकड्यांत) ठेवलेली असते. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदाराने ऑक्टोबर छाटणीच्या वेळी भरलेलं ठिबकचं वेळापत्रकही तिथेच असू शकतं. ऑप्शन बाइट्स या प्रतीत येत नाहीत, त्यांचा फोटो वेगळा घ्या.

तपासा: प्रतीचे पहिले दोन शब्द बघा. पहिला २०००ने सुरू व्हायला हवा (स्टॅकची सुरुवात, एफ१०३सी८ला जास्तीत जास्त २०००५०००). दुसरा ०८००ने सुरू होणारा आणि विषम. दोन्ही एफएफएफएफएफएफएफएफ असतील तर फ्लॅश आधीच रिकामा आहे आणि चिपच्या मौनाचं कारण सापडलं. प्रत दोनदा घ्या आणि दोन्ही फाइली जुळवा. न जुळल्यास वायरी किंवा वीज कच्ची आहे. अशा अवस्थेत पुसायला जाऊ नका.

## ८. पुसणं, लिहिणं, पडताळणं

शक्य असेल तिथे पूर्ण चिप पुसू नका, फक्त प्रोग्रामची पानं पुसा. म्हणजे शेवटची पानं शाबूत राहतात.

हेक्स फाइलमध्ये पत्ते असतात, बिन फाइलमध्ये नसतात. बिन लिहिताना ०८०००००० स्वतः टाकावा लागतो. बोर्डात आधीपासून स्वतःचा बूटलोडर असेल तर ॲप्लिकेशनचा पत्ता वेगळा असतो, बहुधा ०८००२००० किंवा ०८००४०००सारखा. फाइलचा दुसरा शब्द बघितला की अंदाज येतो: तो ०८००५ने सुरू होत असेल तर ही फाइल ०८०००००० वर टाकण्यासाठी बनलेली नसूही शकेल, खात्री करून घ्या.

'व्हेरिफाय' चालू ठेवा. लिहून झाल्यावर बूट० परत खाली आणा. हे विसरलं जातं, आणि मग 'फर्मवेअर टाकलं तरी चालत नाही' असं म्हणत पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात होते. मग एसटी-लिंक काढून, वीज पूर्ण तोडून, पाच सेकंद थांबून द्या. डीबगर लावलेला असताना चाललेला बोर्ड एकटा चालेलच असं नाही.

## ९. डीबग करताना नडणाऱ्या गोष्टी

ही पायरी कोड स्वतःच्या ताब्यात असलेल्यांसाठी, मुख्यतः विद्यार्थ्यांसाठी.

डीबगची सेटिंग 'सिरियल वायर'. प्रत्येक नव्या प्रकल्पात, बाकी काहीही करण्याआधी. झोपेचा कोड किंवा पीए१३-१४ वापरणारा कोड असेल तर विकासाच्या काळात त्याआधी दोन सेकंदांचा डीले टाका, तेवढ्या फटीत आत शिरता येतं.

ब्रेकपॉइंटवर थांबलात आणि बोर्ड रिसेट झाला, तर वॉचडॉग. कोअर थांबला तरी स्वतंत्र वॉचडॉगची घटिका चालूच असते. डीबग थांब्यात त्याला गोठवणारा बिट आहे, तो लावा. वॉचडॉग कोडमधून काढून टाकणं आणि नंतर परत घालायला विसरणं हा त्यावरचा उपाय नाही. झोपेच्या मोडमध्ये डीबग जिवंत ठेवणारे तीन बिटही तिथेच आहेत. पण ते लावून करंट मोजू नका, आकडा खोटा येतो.

एम३ आणि एम४मध्ये फ्लॅशवरचे हार्डवेअर ब्रेकपॉइंट सहाच, एम०मध्ये चार. सातवा लावायला गेलात तर आयडीई कुरकुर करते. व्हेरिएबल आपोआप बिघडतंय? ब्रेकपॉइंट सोडा, त्या पत्त्यावर वॉचपॉइंट लावा. कोण लिहितंय ते रंगेहाथ सापडतं. ही सोय वापरणारे फार थोडे दिसतात आणि प्रिंटएफ पेरत बसणारे फार.

मोटर, रिले, हीटर चालवणाऱ्या कार्डावर ब्रेकपॉइंट लावण्याआधी लोड काढा. कोअर थांबतो तेव्हा पीडब्ल्यूएम आणि पिना होत्या त्याच अवस्थेत राहू शकतात, म्हणजे मोसफेट पूर्ण चालू.

शेतातल्या कार्डांसाठी एक जास्तीची नोंद. कृषी फीडरवर वीज येते-जाते, आणि व्होल्टेज खाली येत असतानाच कोड फ्लॅशमध्ये सेटिंग लिहीत असेल तर पान अर्धवट राहतं. एफ४मध्ये ब्राउनआउट रिसेटची (व्होल्टेज घसरलं की चिप रिसेटमध्ये धरण्याची) पातळी ऑप्शन बाइटमध्ये असते आणि कारखान्यातून ती बंद येते. ३.३ व्होल्टच्या बोर्डावर पातळी ३ ठेवा. एफ१मध्ये ती सोय नाही, तिथे व्होल्टेजवर नजर ठेवणारा पीव्हीडी वापरून लिहिणं थांबवायचं, आणि सेटिंग दोन पानांत आळीपाळीने चेकसमसह ठेवायची.

## १०. चिप खरंच गेलीय हे कधी म्हणायचं

वीज सगळ्या पायांवर ठीक, रिसेट वर, वायरी बदलून पाहिल्या, तोच एसटी-लिंक दुसऱ्या चांगल्या बोर्डावर चालतो, अंडर रिसेट झालं, बूट० झालं, वेग ५ किलोहर्ट्झपर्यंत आणला, तरी ओळखक्रमांक येत नाही. तेव्हा पीए१३ आणि पीए१४ ग्राउंडच्या संदर्भात डायोड मोडवर मोजा, वीज काढून. चांगल्या बोर्डावरच्या त्याच पायांशी तुलना करा. एखादा पाय जवळजवळ शून्य दाखवत असेल तर आधी त्या ट्रेसवरचा ईएसडी डायोड (स्थिर विजेपासून वाचवणारा) उचलून पाहा. शॉर्ट बऱ्याचदा त्यात असतो आणि चिप निर्दोष सुटते.

डायोड उचलूनही शॉर्ट तसाच, किंवा १५० मिलिअँपिअरला चिपच तापतेय, तर बदला. नवी चिप लावण्याआधी ती कशाने गेली ते शोधा: रेग्युलेटरचा आउटपुट लोडसह मोजा आणि सेन्सरच्या लांब वायरींवर संरक्षण आहे का ते बघा. नव्या चिपमध्ये पहिल्यांदा फर्मवेअर टाकताना रिसेटची वायर लावून ठेवा, आणि आधी कधी सातव्या पायरीप्रमाणे प्रत घेतलेली असेल तर तिच्यातली शेवटची पानंही परत लिहा, म्हणजे कॅलिब्रेशन पुन्हा करावं लागणार नाही. चिपच्या स्वतःच्या ९६ बिटांच्या ओळखक्रमांकाशी फर्मवेअर बांधलेलं असेल तर मात्र प्रत चालणार नाही, उत्पादकाकडेच जावं लागेल.